आंटीच्या कार्डावरची माणसं

माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसण्याआधी आंटी कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस काढायची. पुढ्यात कुणी शेवटच्या घटका मोजत असावा तशी माझ्याकडे बघायची आणि मग पिशवीतून फॉर्म काढायची.

"आंटी, हे कुणासाठी?" मी एकदा विचारलं. "फॉर्मसाठी की माझ्यासाठी?"

"तुजेसाठी रे. फॉर्मान काय खोट नाय. सरकारी मानूस तू, तुला जास्त गरज."

ऐंशी साल नुकतंच उलटून गेलं होतं. मी वाकोल्याच्या बाजूला एका रेशन कचेरीत कारकून होतो. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात रेशनकार्डासाठी फेऱ्या मारल्या असतील, त्यांनी आमच्यासारख्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते मला ठाऊक आहे. बरंचसं खरं होतं. साखर, पामतेल, रॉकेल, सगळं त्या कार्डावर. कार्ड नसलेला माणूस मुंबईत असून नसल्यासारखा. आणि असे नसलेले लोक हुडकून माझ्यासमोर आणून उभे करायचे, हे आंटीने स्वतःकडे घेतलेलं काम होतं.

साठीची बाई. चौकटीचं लुगडं, कानात जड सोनं, पायात पुरुषी चपला. पहिल्यांदा आली तेव्हा "आताच देवलान जाऊन आयली" असं म्हणाली. मी विचारलं, कुठल्या, गणपतीच्या? तर म्हणाली, "येसूच्या." गावठाणातले हे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात, हे पार्ल्यात जन्म काढूनही मला माहीत नव्हतं. बोलणं आपलंच मराठी, फक्त त्यात ळ आणि ण नव्हते. ती दोन अक्षरं पोर्तुगीजांनी जाताना बरोबर नेली असावीत.

मी तिला तोंडावर अहो-जाहोच करायचो. आठवते मात्र एकेरीत. ती मला "रेशन" म्हणायची. "काय रे रेशन, बायको बरी हाय?" माझं नाव तिला माहीत होतं. तिला ते आवडलं नव्हतं, एवढंच.

आंटी म्हणजे तेव्हाच्या मुंबईत घरात चोरून दारू विकणारी बाई, हे जुन्या लोकांना सांगायला नको. "आंटी आली" असं शिपायाने आत येऊन सांगितलं की आमच्या कचेरीतले दोघे-तिघे उगीचच उल्हसित व्हायचे. एका नाताळात तिने त्यांचंही समाधान केलं. घरच्या द्राक्षांच्या वाइनची बाटली पिशवीतून काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "औषद हाय, साहेब. जेवनाआदी." साहेब कट्टर माळकरी. त्यांनी ती बाटली औषध म्हणूनच घरी नेली.

आंटीची काम करून घ्यायची पद्धत सरळ होती. वर एक संत धरायचा आणि खाली एक कारकून. वरचा संत आन्तोन. हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे त्याचं खातं. पण आंटीने त्याच्याकडे रेशनिंगही सोपवलं होतं. काम झालं नाही तर त्याचा हातभर उंचीचा पुतळा तांदळाच्या डब्यात डोकं खाली करून उभा राहायचा.

"आज सही नाय झाली ना," ती मला सांगायची, "तं बिचारा परत तांदलान. तुजे पायी."

एकदा सलग नऊ दिवस तो तांदळात होता. शेवटी मलाच गुदमरल्यासारखं व्हायला लागलं आणि मी सही केली.

फॉर्मवर खोटं लिहिलेलं असायचं. ते तिला माहीत, मला माहीत, आन्तोनला माहीत. नाल्याच्या कडेला प्लास्टिकखाली राहणाऱ्या म्हाताऱ्याला पत्ता कुठला? तो तिचा चुलत दीर व्हायचा. नवऱ्याने टाकलेली बिहारी बाई तिची मामेबहीण. मी कुरकुरलो की ती माझ्याकडे शाईची दौत सरकवायची.

"पाप माजा, सही तुजी. शनवारी फादरला सांगीन. तू कशाला घाबरतं?"

एकदा साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, तुमच्या दोन खोल्यांच्या घरात चौदा माणसं राहतात?"

"साहेब, तुमी या जेवायला. पंदरा होतील."

साहेब चिडून खरंच गेले, मला घेऊन, न सांगता, भर दुपारी. ओट्यावर, पडवीत, आत चुलीपाशी माणसं जेवत होती. साहेबांनी बोटाने मोजली. चौदा भरली. त्यातली निम्मी तिच्या कोण लागत होती ते परमेश्वराला माहीत. साहेबांना माशाचं कालवण आणि अंडं घालून गोलगोल तळलेले फुगे वाढले गेले. माळ खिशात सरकवून त्यांनी फक्त फुगे खाल्ले, पाच. परत येताना एवढंच म्हणाले, "त्यांचा अर्ज अडवू नका."

चर्चमध्येही तिचा दरारा असाच. वेदीवरची फुलं ती बदलायची, आजाऱ्यांना भेटायला जायची, जुने कपडे गोळा करायची आणि महिला समितीची ती अध्यक्ष होती. तिथले फादर तरुण, मंगळूरकडचे. प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावरून आंटीला खोकला यायचा. पहिला खोकला म्हणजे सूचना. तिसरा म्हणजे आमेन. "फादर, थोडा कमी बोला," ती त्यांना तोंडावर सांगायची, "देव भैरा नाय."

नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. तीन मुली लग्न करून वसई-वांद्र्याकडे. राहिला शेंडेफळ, विल्फी. एसी दुरुस्तीचं काम शिकून बहारीनला गेलेला. त्याचा सुटाबुटातला फोटो पडवीत आन्तोनच्या शेजारी होता. आन्तोन अधूनमधून तांदळात जायचा. विल्फी कधीच नाही. आदल्या नाताळात तो महिनाभर सुटीवर येऊन गेला तेव्हा चर्चमधल्या एका वजनदार घरातल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, आणि आंटी माझ्या टेबलावर फॉर्म सोडून वाजंत्रीवाल्यांबद्दल बोलायला लागली होती.

त्याच पडवीत मंगळवारी आणि गुरुवारी ती वस्तीतल्या मुलींचा शिवणवर्ग चालवायची. सुमन ही त्या वर्गातली. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर राजापूरकडे गावी परत गेला. ही आत्याकडे राहायची आणि बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. वीस वर्षांची, अंगाने काटकुळी, बोलणं अगदी मोजकं. आंटी म्हणायची, या पोरीला काज-बटन देवाने शिकवून पाठवलंय.

एका मंगळवारी सुमन आली नाही. गुरुवारीही नाही. पुढच्या आठवड्यात आंटी तिच्या आत्याच्या दारात गेली तर सुमन बाहेर, ट्रंकेवर बसलेली. पोट दिसायला लागलं होतं. आत्याने दार लावून घेतलं होतं.

आंटीने ट्रंक उचलली. सुमनला म्हणाली, "चल." एवढंच.

पुढचे पंधरा दिवस वाकोल्यातल्या तरण्या मुलांनी आंटीला पाहून गल्ल्या बदलल्या. कोण तो, नाव सांग, कान धरून वेदीपुढे उभा करते, असं ती सुमनला रोज विचारायची आणि सुमन रोज गप्प. तेव्हा आंटीने स्वतःच तपास सुरू केला. सायकलवाल्याला धरलं. कारखान्यातल्या सुपरवायझरला त्याच्या बायकोदेखत विचारलं. रिक्षा चालवणाऱ्या एका गरीब पोराची तर तिने गचांडीच धरली; तो सुमनला ओळखतही नव्हता. माझ्याकडे येऊन म्हणाली, "रेशन, कार्डावरून शोदता येल काय?"

"आंटी, कार्डावर फक्त साखर शोधता येते."

"मंग काय उपेग तुजा!"

हे सगळं मला हसूनच आठवत राहिलं असतं. पण मग बहारीनहून पत्र आलं.

आंटीला वाचता यायचं, सावकाश. ती पडवीत बसून मोठ्याने वाचत होती, कारण विल्फीची पत्रं ती सगळ्या घराला ऐकवायची. हवा, पगार, जेवण, लग्नासाठी घेतलेला सूट. आणि शेवटी एक ओळ: ती टेलरिंगवाली मुलगी घरात ठेवू नकोस, लोक बोलतील.

"मी त्याला कलवलाच नव्हता," आंटीने मला नंतर सांगितलं. "सुमन घरान हाय हे मी लिवलाच नव्हता, रेशन. मंग तेला कसा कलला?"

तिने मान वर केली. मशीनवर सुमनचा पाय थांबला होता.

सुमनने त्याला दोन पत्रं पाठवली होती. एक कळवायला, दुसरं आंटीने घरात घेतलं हे सांगायला. उत्तर कुठल्याच पत्राला नव्हतं. म्हणजे होतं, ते आईला लिहिलेल्या पत्रात आलं होतं.

"तू मना आदी का नाय बोल्लीस?" आंटीने विचारलं.

"तुम्ही त्याचा फोटो रोज पुसता," सुमन म्हणाली.

चर्चच्या कार्यालयातून आंटीने बहारीनला ट्रंक कॉल लावला. सकाळची वेळ, कार्यालयात चारदोन माणसं. एवढ्या लांबचा फोन म्हणजे ओरडून बोलायचं. त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्या गावठाणाला माहीत झालं. तिने दोनच प्रश्न विचारले. "तुजा हाय काय?" आणि थोडा वेळ ऐकून, "येतंस काय?" पलीकडून तो रडत होता म्हणे. नोकरी जाईल, ती मुलगी आपल्यातली नाही, तूच सांभाळून घे मम्मी. आंटीने फोन खाली ठेवला, फादरना थँक्यू म्हटलं, आणि घरी जाऊन चूल पेटवली.

त्यानंतर ती कचेरीत आली ती मी आल्या आल्याच. क्रूस नाही, "रेशन" अशी हाक नाही, काही नाही. खुर्चीत बसली आणि कार्ड पुढे ठेवलं.

"दोन नावां घालायची. एक आता, एक पोर झाल्यावर."

मी फॉर्म काढला. तिच्याच शाळेत शिकलेला मी, तिला त्रास नको म्हणून आपणहून म्हणालो, "भाची लिहितो. चालेल ना? किंवा पुतणी."

"नको."

"मग?"

"सून लिही."

"आंटी, लग्नाचा दाखला लागेल."

"लगीन नाय झाला. सून लिही."

इतकी वर्षं ही बाई माझ्याकडून खोटं लिहून घेत होती आणि मी ते झरझर लिहीत आलो होतो. त्या दिवशी लिहिलेलं नियमात बसत नव्हतं, पण खोटं नव्हतं, आणि मला ते पटकन लिहिता येईना. मी लिहिलं. बाळाचा जन्म झाला की बापाचं नाव लागेल, असं मी हळूच म्हटलं. तिने ते सांगितलं. पूर्ण सांगितलं, आडनावासकट, शिपायाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"आता वरचा त्याचा नाव काट."

खरं तर परदेशी गेलेल्या माणसाचं नाव लगेच कमी करायचं असतं. विल्फी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आंटी त्याची साखर दर महिन्याला नेमाने उचलत होती. मी चाचरत म्हणालो, "आंटी, हे दोन वर्षांपूर्वीच कमी करायला हवं होतं."

"तवा तो माजा होता," ती म्हणाली.

मी रेघ मारली. ती रेघेकडे बघत राहिली. मग पिशवी उचलून गेली.

विल्फीच्या ठरलेल्या मुलीकडच्यांनी लग्न मोडलं नाही. त्यांनी फक्त विल्फीला आंटीकडून काढून घेतलं. लग्न पुढे बहारीनलाच झालं. महिला समितीच्या बायकांनी आंटीला अध्यक्षपद सोडायला सांगितलं. तिने समितीच्या कपाटाची किल्ली एका फुलदाणीत टाकली आणि फुलदाणी वेदीवर ठेवून आली. किल्ली शोधायला त्यांना आठवडा लागला. आन्तोननेही मदत केली नाही, असं ती मोठ्या समाधानाने सांगायची.

मग फादर घरी आले. त्या दिवशी मी तिथेच होतो, कार्ड द्यायला गेलेलो. फादर भले माणूस, पण समितीने पढवून पाठवलेले. म्हणाले, लांब सिस्टर लोकांचा एक आश्रम आहे, तिथे अशा मुलींची सोय होते. मूल झाल्यावर तेही बघतात. सगळ्यांच्या दृष्टीने बरं.

आंटीने त्यांना चहा दिला. "फादर, मरियेला बेथलेमान कोनी घर दिला नाय, ही गोष्ट तुमी दर नातालान सांगता."

"हो, पण..."

"मी ती पन्नास वरसां ऐकली. आनि दर वरसाला मना वाटला, काय तरी मेले लोक! आता कलला. ते पन समितीचेच असतील."

फादर हसू दाबताना चहा सांडून बसले. सुमनने फडकं आणून दिलं. तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुला कुठे राहायचंय?"

"इथं," सुमन म्हणाली.

फादर उठले. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचन नेहमीच्या निम्म्याने लहान केलं आणि आंटीला एकदाही खोकला आला नाही. पण बाकावर तिच्याशेजारी तीन महिने कुणी बसलं नाही. ती पाय पसरून बसायची. म्हणायची, "बरा झाला, गुडगा दुकतो."

एकदाच मी तिला खचलेली पाहिलं. पडवीत तांदूळ निवडत होती. भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. मी म्हटलं, आंटी, येईल तो कधीतरी. ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "चौघांन तो एकच पोर रातचा माजे पायाला तेल लावायचा. वाईट नाय रे तो. घाबरट हाय. घाबरट पोर मीच वाडवला." डोळे पुसायला तिच्याकडे पदर होता, पण तिने पुसले नाहीत.

सुमनला मुलगी झाली. मग आंटी आणि सुमनमध्ये जे युद्ध झालं, त्यापुढे समितीचं भांडण म्हणजे काहीच नव्हतं. आंटीला बाप्तिस्मा हवा होता. सुमन, जी आजवर कशालाच नाही म्हणाली नव्हती, ती म्हणाली, "नाही. मोठी झाली की ती ठरवेल. बारसं करू."

आंटी माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "माजे घरान राहते, माजा खाते, आनि मनाच नाय बोलते!"

"मग काढा घराबाहेर."

"वेडा काय तू? एवडी खमकी पोर परत कुटे भेटल?"

बारसं झालं. क्रूसाखाली पाळणा बांधला होता. माझ्या आईने पार्ल्याहून येऊन पाळणा म्हटला, आणि मग गावठाणातल्या चार म्हाताऱ्यांनी त्यांची लग्नातली गाणी घुमट नावाच्या मातीच्या वाद्याच्या तालावर म्हटली, कारण त्यांना दुसरी येत नव्हती. मुलीचं नाव ठेवलं मीरा. आंटी पाळण्यावर वाकली आणि तिच्या मुठीतल्या बाटलीतून चर्चमधलं थोडं पाणी बाळाच्या कपाळावर पडलं.

"आंटी!" सुमन ओरडली.

"सांडला गं," आंटी म्हणाली. "हात कापतो आताशा."

तो हात मी माझ्या कारकुनीत कधी कापताना पाहिला नाही.

नाताळ जवळ आला तेव्हा समितीच्या बायकांना कळलं की वस्तीत कपडे कुणाला द्यायचे, कुणाचं घर कुठलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते सगळं आंटीच्या डोक्यात आहे. त्या पाचजणी एकत्र आल्या, पडवीत उभ्या राहिल्या. आंटीने त्यांना अर्धा तास उभंच ठेवलं आणि मग फुगे दिले. पुढच्या वर्षीपासून शिवणवर्ग सुमन चालवू लागली, आणि समितीतल्या बायका ब्लाउज शिवायला तिच्याकडेच यायला लागल्या. कारण काज-बटन तिच्यासारखं सांताक्रूझमध्ये दुसरं कुणी करत नव्हतं.

माझी मुलुंडला बदली झाली. वर्षातून एक-दोनदा जाणं व्हायचं. आंटी थकली होती, सुमन तिला औषधासाठी ओरडायची आणि ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. दशक संपत आलं असताना फादरनी मुलुंडच्या कचेरीत फोन करून सांगितलं की ती सकाळी प्रार्थनेला बसली आणि तशीच गेली.

अंत्ययात्रेला इतकी माणसं मी कुणा साध्या बाईच्या मागे पाहिली नाहीत. निम्मी हिंदू, काही मुसलमान, एक आमचे निवृत्त साहेब, माळ यावेळी बाहेर. शवपेटीमागे सुमन आणि तिचा हात धरून मीरा. तिन्ही मुली त्यांच्या मागे. त्यांनीच ते तसं ठरवलं होतं.

विल्फी विमानतळावरून थेट दफनभूमीत आला. माती लोटून झाली होती. अंगात काळा सूट, डोक्यावरचे केस विरळ झालेले. तो एकटाच होता. कुणी त्याच्याशी बोललं नाही, कुणी अडवलंही नाही. सगळे घराकडे निघाले तेव्हा तो मागे मागे आला आणि ओट्याच्या पायरीखाली थांबला.

आत पंगत बसली होती. भात, डाळ, सुकटीची चटणी. सुमन वाढत होती. तिने त्याला पाहिलं. फादरसुद्धा घास हातात धरून थांबले.

"हात धुऊन घ्या," सुमन म्हणाली. "जेवून जा."

तो बूट काढून आत आला आणि माझ्या शेजारी जागा होती तिथे बसला. तिने इतरांना वाढला तेवढाच भात त्याला वाढला. कमी नाही, जास्त नाही. दुसऱ्या फेरीला विचारलं, "अजून?" त्याने मान डोलावली आणि तिने वाढलं. त्याने ताटात एक शीत ठेवलं नाही.

मग ताट घेऊन तो स्वतः उठला. मोरीवर बसून, सुटाच्या बाह्या वर करून, त्याने ते घासलं. पण घर त्याच्यामागे बदललं होतं. भांड्यांची फळी दुसऱ्या भिंतीला गेली होती. ताट हातात धरून तो मधोमध उभा राहिला. तेव्हा मीरा उठली. पाहुण्याला जसं म्हणतात तसं "द्या इकडे" म्हणाली, त्याच्या हातातून ओलं ताट घेतलं, टाचा उंचावल्या आणि ते फळीवर पालथं घातलं.